नर्स बांधील कोणाशी? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

डोस जास्त वाटतोय, पण डॉक्टरांची ऑर्डर आहे. रुग्ण स्वतःच्या आजाराबद्दल विचारतोय, पण ‘त्यांना काही सांगू नका’ असं नातेवाइकांनी बजावलंय. अशा वेळी नर्स काय करते, हे तिला शिकवलेल्या नियमांइतकंच ती स्वतःला कोण समजते यावरही ठरतं. ही स्वतःची ओळख गेल्या दीडशे वर्षांत बरीच बदलली आहे.

1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने प्रशिक्षण शाळा सुरू झाली. तिथे कौशल्याइतकाच भर चारित्र्यावर होता. या कामाला त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली, पण चांगली नर्स म्हणजे शिस्तीची, सांगितलेलं ऐकणारी बाई, हेही त्याबरोबर रुजलं. पुढे एथेल बेडफर्ड फेनविक या ब्रिटिश नर्सने नर्सेसच्या सरकारी नोंदणीची मागणी लावून धरली, तेव्हा नाइटिंगेल यांनी विरोध केला. परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यूझीलंडने 1901 मध्ये नोंदणीचा कायदा केला, ब्रिटनने 1919 मध्ये. माझ्या मते नर्सिंग हा स्वतंत्र व्यवसाय आहे की निव्वळ सेवाभाव, याचाच हा वाद होता.

डेट्रॉइटमध्ये 1893 साली लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने ‘नाइटिंगेल प्रतिज्ञा’ तयार झाली. डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन, असं वचन तिच्यात होतं. वचन मनापासूनचं होतं, पण डॉक्टरांचं चुकलं तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर नसणं किती महागात पडू शकतं, हे नाझी जर्मनीत दिसलं. हाडामार इथल्या मनोरुग्णांच्या संस्थेत नर्सेसनी रुग्णांना औषधांचे जीवघेणे डोस दिले. 1945 च्या खटल्यात मुख्य परिचारिकेला 25 वर्षांची शिक्षा झाली. मेझरित्स-ओब्रावाल्डे इथल्या अशाच मनोरुग्णालयातल्या 14 नर्सेसची मात्र 1965 मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने निर्दोष सुटका केली. दोन्हीकडे वरून आलेल्या आदेशाचा बचाव पुढे आला होता. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची पहिली नीतिसंहिता 1953 ची. डॉक्टरांच्या ऑर्डर समजून-उमजून आणि निष्ठेने पाळाव्यात, आणि अनैतिक गोष्टींत सहभागी व्हायला नकार द्यावा, या दोन्ही अपेक्षा तिने एकत्र ठेवल्या. प्रत्यक्ष वॉर्डात दोन्ही एकदम कशा पाळायच्या, हा प्रश्न तसाच राहिला.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांच्या 1966 च्या प्रयोगाने हा प्रश्न उघड्यावर आणला. ड्युटीवरच्या नर्सला एका अनोळखी डॉक्टरचा फोन यायचा: अमुक रुग्णाला 20 मिलिग्रॅम औषध द्या, मी थोड्या वेळात येऊन ऑर्डरवर सही करतो. बाटलीवर स्पष्ट छापलेलं होतं, दिवसाला कमाल 10 मिलिग्रॅम. औषध खोटं होतं आणि द्यायच्या आधीच नर्सला थांबवलं जाई. 22 पैकी 21 जणी ते द्यायला निघाल्या होत्या. एरवी नुसतं विचारलं, तर बहुतेक नर्सेसनी ‘आम्ही देणार नाही’ असंच सांगितलं होतं. 1977 मध्ये असाच प्रयोग ओळखीचं औषध घेऊन झाला. या वेळी सहकाऱ्यांशी बोलायलाही वाव होता. तेव्हा 18 पैकी दोघीच तयार झाल्या. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. ‘सिस्टर, जरा हे बघता का?’ असं शेजारी कोणाला विचारता येणं ही वॉर्डाची गोष्ट आहे, एकट्या नर्सच्या धैर्याची नाही.

दरम्यान 1973 मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेची संहिता बदलली. नर्सची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्यांच्याप्रति, असं तिने सांगितलं आणि डॉक्टरांवरच्या निष्ठेचं कलम गेलं.

कागदावर बदललं तरी व्यवहार मागेच होता. 1976 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात जोलीन ट्यूमा या नर्सिंगच्या शिक्षिकेने रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्ण महिलेशी पर्यायी उपचारांबद्दल बोलणं केलं. डॉक्टर-रुग्ण नात्यात ढवळाढवळ केल्याचा ठपका ठेवून त्यांचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला. 1979 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, पण कारण मर्यादित होतं: अव्यावसायिक वर्तन म्हणजे काय, हे कायद्यात पुरेसं स्पष्ट नव्हतं. त्या बोलण्यात आलेलं लेट्राइल हे पर्यायी औषध पुढे कर्करोगावर निरुपयोगी ठरलं. तरीही रुग्णाने विचारलं तर नर्सने किती सांगावं, हा मुद्दा न्यायालयाने सोडवला नाही.

1984 मध्ये अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने ‘नैतिक ताण’ ही संकल्पना मांडली: योग्य काय ते कळतं, पण संस्थेच्या अडथळ्यांमुळे तसं वागता येत नाही. इतके दिवस ज्याला नर्सचा हळवेपणा म्हणत, त्याचं मूळ यंत्रणेतही शोधता येऊ लागलं. अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या 2001 च्या संहितेने नर्सचं स्वतःप्रति असलेलं कर्तव्य इतरांप्रति असलेल्या कर्तव्याच्या बरोबरीने नोंदवलं, आणि स्वतःची सचोटी व सुरक्षितता जपणं त्यात धरलं.