पार्श्वभूमी : हाडातला रॉड काढायचा की राहू द्यायचा?

मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात रॉड बसवलेला माणूस ज्या घरात आहे, तिथे वर्ष-दीड वर्षाने हा विषय निघतोच. शेजाऱ्याने काढून घेतलेला असतो, मेव्हण्याचा वीस वर्षं आतच आहे, आणि डॉक्टर म्हणतात, "त्रास नाही ना? मग राहू द्या." पूर्वी हेच डॉक्टर डिस्चार्ज कार्डावर 'दीड वर्षाने रॉड काढण्यासाठी येणे' असं लिहून द्यायचे. मधल्या काळात हा सल्ला उलटला. मात्र तो एका दिवसात उलटला नाही, आणि सगळ्यांना आजही पटलेला नाही.

फार मागे जाण्यात फारसा अर्थ नाही. सुश्रुतसंहितेत मांडी-नडगी मोडलेल्या माणसाला फळीवर निजवून पाच खुंट्यांना बांधून ठेवायला सांगितलंय. तरुणाचं हाड महिन्यात, मध्यमवयीनाचं दोन महिन्यांत आणि म्हाताऱ्याचं तीन महिन्यांत बसतं, असा हिशोबही दिलाय. गावोगावचे हाडवैद्य आणि तालमीतले वस्ताद बांबूच्या कामट्या बांधायचे, त्यामागचा विचारही तोच : बांधा आणि हलू देऊ नका. १८५२च्या सुमारास एका डच लष्करी डॉक्टरने प्लास्टरची पट्टी आणली, तेव्हा बांधणी पक्की झाली, पण विचार बदलला नाही. हाड जुळायचं. आखडायचा तो सांधा.

आपल्याकडे याचा सगळ्यात वाईट अनुभव मांडीच्या हाडाचा. १९८०च्या दशकापर्यंत, कित्येक तालुक्यांच्या ठिकाणी त्याही नंतर, मांडी मोडली की 'वजन लावायचे'. गुडघ्याखाली नडगीतून आरपार पिन घालायची, तिला दोरी, दोरी कप्पीवरून खाली सोडलेली आणि टोकाला पिशवीत विटा. पेशंट घसरत खाली येऊ नये म्हणून खाटेच्या पायथ्याखालीही विटाच. असं दोन-तीन महिने उताणं पडून राहायचं. बेडपॅन घरच्यांनी द्यायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर चोळायची, रात्री कुणी खाटेजवळून जाताना विटांना धक्का लागला की अख्खा वॉर्ड जागा. हाड जुळून घरी गेलेल्या कित्येकांचा गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. मांडी घालून पंगतीला बसणं, उकिडवं बसून भांगलण करणं, गावातला संडास, सगळंच बंद. एक्स-रेवर हाड छान जुळलेलं असायचं आणि माणूस मात्र रोजगाराला मुकलेला असायचा.

रॉड आला तो हे खाटेवरचं पडून राहणं संपवायला. जर्मनीत किएल इथल्या एका सर्जनने १९३९मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत वरून खालपर्यंत पोलादी खिळा ठोकला आणि पेशंटला लवकर चालवलं. पुढच्या वर्षी बर्लिनच्या परिषदेत त्याने हे मांडलं, पण तेव्हा युद्ध चालू होतं, त्यामुळे बाकीच्या जगाला ही गोष्ट भलत्याच वाटेने कळली. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांचे एक्स-रे काढले, तर मांडीत लांबच लांब सळई! आधी डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्या खिळ्याच्या वरच्या टोकाला एक खाच ठेवलेली असे. आकडा अडकवून खिळा ओढून काढण्यासाठीची ही खाच. आत घालतानाच बाहेर काढायची सोय केलेली होती, म्हणजे काढायचं हे पहिल्यापासून गृहीत होतं.

ते का गृहीत होतं, याबद्दल आज बरंच अर्धवट बोललं जातं. 'डॉक्टरांना दुसऱ्यांदा पैसे मिळावेत म्हणून' हे त्यातलं सगळ्यात आवडतं उत्तर. काही ठिकाणी ते खोटंही नव्हतं, पण मूळ कारणं वेगळी होती.

एक कारण धातूचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पट्ट्या आणि स्क्रू शरीरात गंजायचे, आजूबाजूचं हाड खाल्लं जायचं, पू व्हायचा. नंतर चांगलं स्टेनलेस स्टील आलं, पण धातू आत ठेवू नये ही भीती सर्जनच्या एका पिढीच्या मनात बसली ती बसलीच.

दुसरं कारण पट्टीचं, म्हणजे प्लेटचं. सगळा गुंता खरं तर इथेच आहे. १९५८मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी एकत्र येऊन मोडलेली हाडं प्लेट-स्क्रूने घट्ट बसवायची आणि सांधा लगेच हलवायचा, अशी पद्धत बांधली. हत्यारं एकसारखी केली, प्रशिक्षण सुरू केलं, नियमांची पुस्तिका काढली. आपल्याकडचे सर्जनही पुढे तेच शिकून आले. या पद्धतीत लक्षात आलं की प्लेटखालचं हाड काही महिन्यांत विरळ, स्पंजासारखं होतं. त्याचा अर्थ असा लावला गेला की भार प्लेट उचलते, हाडाला काम उरत नाही, म्हणून ते अशक्त होतं. हे मानलं की पुढचं सगळं ओघाने आलंच : प्लेट काढली नाही तर हाड कायम दुबळं राहणार. म्हणून नडगीची प्लेट साधारण वर्ष-दीड वर्षाने, मांडीची दोन वर्षांनी काढावी, असे मुक्काम ठरले. आपल्या डिस्चार्ज कार्डांवरचं 'दीड वर्षाने येणे' तिथून आलं.

गंमत अशी की हे स्पष्टीकरण ज्या वर्तुळातून पसरलं, त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी पुढे ते खोडायला घेतलं. १९८०च्या दशकातल्या त्यांच्या प्रयोगांतून असं पुढे आलं की सुरुवातीचा विरळपणा भारामुळे कमी आणि रक्तपुरवठ्यामुळे जास्त होतो. प्लेट हाडाला घट्ट दाबून बसवली की तिच्याखालच्या रक्तवाहिन्या चेंबतात, तेवढं हाड मरतं आणि त्याची दुरुस्ती चालू असताना ते स्पंजासारखं दिसतं. रक्तपुरवठा सावरला की ते भरूनही येतं. हे खरं धरलं, तर 'प्लेट काढा, नाहीतर हाड दुबळं होईल' या युक्तिवादातला जोर ओसरतो. त्यावर उपाय म्हणून प्लेट काढण्याऐवजी प्लेटचा आकारच बदलला. खालून खाचा ठेवून हाडाला कमीत कमी टेकणाऱ्या प्लेट आल्या, आणि २०००नंतर लॉकिंग प्लेट. यात स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत बसतं, प्लेट हाडावर दाबावी लागत नाही.

भाराचा मुद्दा मात्र पूर्ण बाद झाला नाही, कारण प्लेट काढल्यावर हाड पुन्हा मोडल्याच्या केसेस येत राहिल्या. हाताच्या कोपराखालच्या दोन हाडांत तर हे वारंवार दिसलं. एका बाजूने म्हटलं, बघा, प्लेटने हाड दुबळं केलं होतं. दुसरी बाजू म्हणाली, स्क्रू काढल्यावर राहिलेल्या भोकांपाशी हाड मोडतंय, म्हणजे दोष काढण्याचाच. दोन्ही बाजूंचे एक्स-रे तेच. वाचणाऱ्याला वाटेल, हा तज्ज्ञांमधला किस काढण्याचा प्रकार. पण पेशंटने दुसऱ्यांदा भूल घ्यायची की नाही, हे यावरच ठरत होतं.

महाराष्ट्रात हा वाद जरा उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. इथे बरीच वर्षं जुना, पोकळीत नुसता ठोकलेला, दोन्ही टोकांना न अडकवलेला खिळा वापरात होता. तो हळूहळू वर सरकायचा आणि त्याचं टोक खुब्याच्या मागे कातडीखाली टोचायला लागायचं. एसटीच्या बाकावर बसणं नको व्हायचं. अशा माणसाला 'काढायचा की नाही' हा प्रश्न पडतच नव्हता, तोच तारीख मागायला यायचा. १९९०च्या दशकात ऑपरेशन चालू असताना एक्स-रे पडद्यावर दाखवणारी सी-आर्म यंत्रं जिल्ह्याच्या गावांतून दिसू लागली आणि दोन्ही टोकांना स्क्रूने अडकवलेले इंटरलॉकिंग रॉड सर्रास झाले. हे सरकत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करता येतं, तीन महिन्यांची खाट गेली. काढायचं सगळ्यात मोठं कारणही त्याबरोबर गेलं. सवय मात्र राहिली. माझ्या मते पुढच्या पंधरा-वीस वर्षांत काढलेल्या रॉडपैकी कित्येक निव्वळ त्या सवयीपोटी काढले गेले.

काढण्याची किंमत काय, हे काढायला गेल्यावर कळतं. जुनं कार्ड हरवलेलं असतं, रॉड कोणत्या कंपनीचा ते कळत नाही, आणि बाहेर ओढायचं हत्यार त्या रॉडच्या आट्यांना बसलं पाहिजे. तोंडावर हाड वाढलेलं असेल तर आधी ते फोडायचं. टायटॅनियमच्या लॉकिंग प्लेटचं दुखणं आणखी निराळं. स्क्रू प्लेटमध्ये जाम होतो, पेचकस फिरवला की डोक्यातली खाच गुळगुळीत होते, मग कठीण धातूच्या ड्रिलने डोकंच कापून काढावं लागतं. धातूचा काळा भुगा जखमेत पडतो, तो धुवत बसायचं. वीस मिनिटांचं म्हणून सांगितलेलं काम दोन तास चालतं. दंडाच्या हाडाची प्लेट असेल तर तिच्या अगदी जवळून मनगट उचलणारी नस जाते. ती दुखावली तर पंजा लोंबतो. एवढं करूनही दुखणं जाईलच असं नाही. नडगीत रॉड घातलेल्यांना गुडघा टेकताना दुखतं, ही फार जुनी तक्रार आहे. फरशी पुसणाऱ्या बाई असोत, नमाज पढणारे असोत, की वायरमन. रॉड काढल्यावर त्यातल्या काहींना आराम पडतो, काहींना अजिबात नाही.

लोकांची भीती मात्र वेगळ्याच गोष्टींची. थंडीत रॉड गार पडतो, विमानतळावर अडवतात, एमआरआय करता येत नाही. विमानतळावर यंत्र कधी वाजतं, कधी नाही. हल्लीच्या रॉड-प्लेट असताना एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, फक्त धातूजवळचं चित्र पुसट येतं. म्हातारी माणसं आणखी एक गोष्ट बोलून दाखवतात : जाताना अंगात लोखंड नको. अस्थी सावडायला गेलेल्यांना राखेत अख्खी सळई सापडते, हे खरंच आहे, चितेच्या आचेने ती वितळत नाही. हे कारण कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नाही, पण ऐंशीच्या घरातल्या आजोबांनी ते सांगितल्यावर समजूत घालता घालता घरच्यांच्या नाकी नऊ येतात.

आज साधारण चाल अशी आहे : वाढत्या वयाच्या मुलांचे रॉड आणि प्लेट बहुतेक काढतात. कोपराच्या टोकाच्या तारा आणि हाताला लागणाऱ्या घोट्याच्या प्लेट टोचल्या तर काढतात. जंतुसंसर्ग असेल तर प्रश्नच नाही. बाकी प्रौढांचं जिथल्या तिथे ठेवतात. काढल्यावर भोकं भरेपर्यंत काही महिने धावणं, कुस्ती, कबड्डी, जड ओझं बंद, हे सांगितलं जातं आणि पाळलं जात नाही.

एका गटाबद्दल मात्र मतभेद अजून धुमसतोय : विशी-तिशीत मोटरसायकलवरून पडलेले, मांडीत रॉड असलेले आणि काहीही त्रास नसलेले. 'राहू द्या' म्हणणाऱ्यांची बाजू वर आलीच आहे. 'काढा' म्हणणारे आता वेगळा मुद्दा मांडतात. १९९०च्या दशकात रॉड बसलेली पहिली मोठी फळी साठीकडे आली आहे आणि तिचे गुडघे झिजले आहेत. गुडघा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत खालून मोजपट्टीची सळई घालायची नेहमीची पद्धत आहे, आणि तिथे तर जुना रॉड बसलेला. मग कुणी संगणकाच्या मदतीने, सळई न घालता माप घेतं, तर कुणी आधी रॉड काढायला घेतं. दीड वर्षात काढला असता तर जो सहज निघाला असता, तो पंचवीस-तीस वर्षांनी हाडात असा रुतलेला असतो की कधी कधी तो काढतानाच हाड मोडतं.