हेल्मेटमधला थर्माकोल

ओळखीतल्या एका मुलाने परवा हेल्मेट धुवायला काढलं. आतली गादी सोडवली, तिच्याखाली पांढराफटक थर्माकोल दिसला आणि स्वारी भडकली. "काका, फसवलं की हो! टीव्हीच्या खोक्यात घालतात तेच भरलंय यात." याच्यापेक्षा वडिलांचं जुनं हेल्मेट बरं, असं त्याचं म्हणणं. ते बोटाने वाजवलं तरी दगडासारखं वाजतं.

टीव्हीच्या खोक्यात थर्माकोल का घालतात, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. हेल्मेटवर हातोडे मारून, वरून ट्रकचं चाक नेऊन 'बघा, चरासुद्धा गेला नाही' म्हणणारे व्हिडिओ लोक आवडीने बघतात. आपलं डोकं कुणी सावकाश चेपणार असेल, तर ती चाचणी उपयोगाची आहे. रस्त्यावर पडताना घडतं ते वेगळंच.

गाडी उभी आहे, तोल गेला आणि तुम्ही आडवे झालात असं धरू. डोकं साधारण १.७ मीटर उंचीवरून खाली येतं. शाळेतलं गतीचं तिसरं समीकरण लावलं, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ५.८ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २१ किलोमीटर भरतो. हा वेग शून्यावर यायचाच आहे, त्यातून सुटका नाही. प्रश्न एवढाच, की तो किती अंतरात शून्यावर येणार. डांबर काही दबत नाही. कातडी आणि हाड मिळून चार मिलिमीटर दबले असं समजा. तेच समीकरण उलटं लावा: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. उत्तर येतं सरासरी गुरुत्वत्वरणाच्या ४०० पटींहून जास्त, म्हणजे ४०० 'जी'च्या वर (गुरुत्वत्वरणाची एक पट म्हणजे एक जी). हे सगळं दीड मिलिसेकंदात उरकतं. म्हणजे गाडी उभी असतानासुद्धा नुसतं पडणं कवटीला झेपेलच असं नाही.

आता त्या चार मिलिमीटरच्या जागी वीस-पंचवीस मिलिमीटर मिळाले तर? त्वरण त्याच प्रमाणात खाली येईल. हेल्मेट विकत घेताना आपण खरं म्हणजे हे वीस-पंचवीस मिलिमीटर विकत घेत असतो. रंग, चित्रं, वायझरची चमक हे सगळं त्यावरचं वरकड.

अंतर तर रबरही देईल, स्प्रिंगही देईल, मऊ उशीही देईल. मग थर्माकोलच का? माझा जीव या जागी अडकलेला आहे, त्यामुळे थोडं सबुरीने घ्या.

थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्याच्या बारीक मण्यांत पेंटेन नावाचा, चटकन वायू होणारा द्रव मुरवलेला असतो. वाफ दिली की प्लास्टिक मऊ होतं, आतल्या पेंटेनचा वायू होऊन पसरतो आणि मणी लाह्यांसारखा फुलतो. फुललेले मणी साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की ते एकमेकांना चिकटतात. प्रत्येक मण्याच्या आत असंख्य बंद कप्पे, त्यांच्या भिंती कागदाहूनही पातळ. घन पॉलिस्टायरीनचं वजन लिटरमागे हजार ग्रॅमपेक्षा थोडं जास्त असतं. हेल्मेटमधला थर्माकोल लिटरमागे ५० ग्रॅमचा धरला, तर त्यात ९५ टक्के हवाच झाली.

हा पदार्थ दाबला की तीन टप्पे दिसतात. आधी भिंती किंचित वाकतात आणि जोर काढला की सरळ होतात. मग एका ठरावीक दाबाला त्या मुडपायला लागतात. एक थर कोसळतो, मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. या टप्प्यात दाब जवळपास तेवढाच राहतो आणि पदार्थ चेपत जातो. शेवटी जाडीचा साठ-सत्तर टक्के भाग चेपला गेला की भिंतींना भिंती टेकतात. आता मुडपायला काही उरलं नाही, प्लास्टिकची वीटच झाली. मधला सपाट टप्पा हीच सगळी कमाई.

रबरात हा टप्पा नसतो. जितकं दाबाल तितकं ते जास्त ढकलतं आणि शेवटी घेतलेली ऊर्जा परत करतं, म्हणजे डोकं उसळतं. २१ च्या वेगाने आलेलं डोकं १५ च्या वेगाने परत फिरलं, तर मेंदूच्या दृष्टीने वेगात ३६ चा बदल झाला. थर्माकोल परतफेड फारशी करत नाही. भिंती मोडण्यात, मुरडण्यात आणि आतली हवा दाबण्यात ऊर्जा खपते आणि बरीचशी उष्णता होऊन निघून जाते. बुडवणारा कर्जदार इथे भला.

थोडं गणित करतो. नको असेल तर हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मुडपण्याचा दाब ०.५ मेगापास्कल धरा, डोकं म्हणजे १० सेंटिमीटर त्रिज्येचा आणि ५ किलोचा गोळा. गोळा थर्माकोलमध्ये रुतत जातो तसं संपर्काचं क्षेत्र वाढतं. दाब कायम, क्षेत्र वाढतं, म्हणून एकूण बळही खोलीच्या प्रमाणात वाढत जातं. गंमत अशी, की स्प्रिंग नको म्हणून आणलेला पदार्थ गोल डोक्यापुढे आत जाताना स्प्रिंगसारखाच वागतो. फरक परतीच्या प्रवासात पडतो. आकडे घातले तर डोकं २३ मिलिमीटर रुतून थांबतं, साधारण सहा मिलिसेकंदात, आणि कमाल त्वरण १४८ जी येतं. उघड्या डोक्याची सरासरीच ४०० च्या वर होती, इथे कमालसुद्धा १४८. थर्माकोल ३५ मिलिमीटर जाड असेल, तर २३ म्हणजे ६६ टक्के, म्हणजे विटेचा टप्पा जेमतेम टळला. आता वेग सेकंदाला ७.५ मीटर करा. हवेत ३० मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या ८६ टक्के. तेवढं चेपणं त्या थर्माकोलला जमणारच नाही. मग दुप्पट कडक थर्माकोल घालू? घाला, पण मग आधीच्याच साध्या पडण्याला १४८ च्या जागी २०९ जी सोसावे लागतील.

हेल्मेट बनवणाऱ्याची खरी पंचाईत ही आहे. मऊ ठेवावं तर जोराच्या आदळण्यात तळ गाठतं, कडक करावं तर हलक्या आदळण्यातही डोक्याला हिसका बसतो. जाडी वाढवणं हा सरळ उपाय, पण मग डोक्यावर घागर घेऊन फिरल्यासारखं दिसतं आणि वजनही वाढतं. म्हणून चांगल्या हेल्मेटमध्ये टाळूला वेगळ्या घनतेचा आणि कपाळाला वेगळ्या घनतेचा थर्माकोल बसवतात. युरोपातल्या २२.०५ या जुन्या मानकात सेकंदाला ७.५ मीटर वेगाने हेल्मेट आदळून २७५ जीची मर्यादा तपासत. त्याच्यानंतरच्या २२.०६ ने दोन्ही टोकं पकडली: ८.२ मीटर वेगाला २७५ जी, आणि ६ मीटर वेगाला फक्त १८० जी. नुसतं कडक हेल्मेट दुसऱ्या परीक्षेत नापास होतं.

मग बाहेरचं टणक कवच कशाला? टोकदार दगडाचा मार मोठ्या क्षेत्रावर पसरवायला, टोक आत घुसू न द्यायला, आणि रस्त्यावर घसरायला. अंतर मिळवून देणारा आतला थर्माकोल. 'कार्बन फायबर' म्हणून जे मिरवतात त्याने वजन कमी होतं, हे खरं. पण चाचणीत त्याला वेगळी रांग नसते. मर्यादा सगळ्यांना तीच.

इथे एक शंका हमखास येते. चाचणी ताशी २७-३० किलोमीटरला आणि मी तर ८० ने जातो, मग हेल्मेटचा उपयोग काय? वेगाला दिशा असते. घसरून पडलात तर ताशी ८० आडवे असतात. डोकं खाली येतं ते आपल्या उंचीवरून, त्याच २१ च्या आसपास. आडवा वेग घसरत घसरत घर्षणाने संपतो आणि त्याची किंमत जॅकेट, हातमोजे, पँट मोजतात. घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ५० ने पडलेला माणूस १४ मीटर घासत जातो. साध्या जीन्सला ते पेलत नाही. समोरच्या भिंतीवर किंवा खांबावर सरळ डोकं आदळलं तर मात्र पूर्ण वेगाचा हिशोब लागतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तिथे कुठलंही हेल्मेट चमत्कार करणार नाही. तसं जो सांगतो तो काहीतरी विकतोय. जाता जाता: कोणती मोटरसायकल घ्यावी यावर लोक महिनोन्‌महिने खल करतात आणि हेल्मेट पाच मिनिटांत उचलतात. गाडी १०० सीसीची असो की ६५० ची, डोक्याची जमिनीपासूनची उंची तीच.

थर्माकोलची ही कल्पना फार जुनी नाही. अरबस्तानातल्या लढायांमुळे गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या जखमांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स होते. मोटरसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या सैनिकांच्या जखमांचा अभ्यास करून त्यांनी १९४१ मध्ये क्रॅश हेल्मेटचा आग्रह धरणारा लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. पण ती हेल्मेटं म्हणजे आत पट्ट्यांचं जाळं असलेलं टणक कवच. चेपून ऊर्जा खाणारा थर आत बसवण्याचं पेटंट चार्ल्स लोम्बार्ड आणि हर्मन रॉथ यांना अमेरिकेत १९५३ मध्ये मिळालं.

केर्न्सच्याच ऑक्सफर्डमध्ये होलबर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. मेंदू पाण्यासारखा आहे, असं त्यांनी १९४३ मध्ये मांडलं: चहूबाजूंनी दाबला तर आकारमान बदलत नाही, पण आडवा पिळला तर सहज विसकटतो. म्हणून डोकं सरळ थांबण्यापेक्षा गर्रकन फिरणं जास्त घातक. हे त्यांनी जिलेटिनचे मेंदू करून तपासलं. २२.०६ मध्ये आता तिरकं आदळून फिरण्याचं त्वरणही मोजतात, आणि काही हेल्मेटांत डोकं व थर्माकोल यांच्यामध्ये थोडा सरकणारा एक पातळ थर असतो, तो याचसाठी.

हेल्मेटने केस जातात, हा समज मी आता ऐकून सोडून देतो. टक्कल बहुधा अनुवंश आणि हार्मोनच्या वाटेने येतं. ते हेल्मेट न घालणाऱ्या काकांनाही पडलेलंच असतं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २००८ सालच्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असं आढळलं होतं. केसांचा आणि प्राणांचा हिशोब ज्याने त्याने करावा.

थर्माकोलचा स्वभाव कळला की हेल्मेट वापरण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मुडपलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत, म्हणून डोक्यासकट एकदा आदळलेलं हेल्मेट खर्ची पडलं. बाहेरून ओरखडासुद्धा नसला तरी. गाडीच्या हिशोबात ते टायर आणि ब्रेक पॅडच्या रांगेत धरावं. घाम आणि ऊन यांनी गादी, गोंद, पट्टा झिजतात, म्हणून साधारण पाच वर्षांनी बदला, असं सांगतात. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन यांत पॉलिस्टायरीन विरघळतं. थर्माकोलच्या तुकड्यावर नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनचे चार थेंब टाकून बघा, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. त्यामुळे हेल्मेट पुसायला पेट्रोलचा बोळा वापरू नये, सौम्य साबणाचं पाणी पुरतं. आणि हेल्मेट ढिलं असेल, तर डोकं थर्माकोलपर्यंत पोचायच्या आधीच हेल्मेट फिरून किंवा निघून गेलेलं असतं.

हे सगळं ऐकून तो मुलगा गप्प झाला, मग चिंतेत पडला. "पण हे मागे एकदा गाडीच्या टाकीवरून खाली पडलं होतं. गेलं का मग?" सव्वा-दीड किलोचं रिकामं हेल्मेट ८० सेंटिमीटरवरून पडलं तर सुमारे ११ जूल ऊर्जा, आणि आतून चेपायला डोकं नाही. पडताना डोक्यासकट हीच ऊर्जा ८० जूलच्या पुढे जाते. आम्ही थर्माकोलवरून बोटं फिरवली. चीर नाही, चपटा भाग नाही. बहुधा ठीक आहे, म्हटलं.

गादी परत बसवताना हनुवटीचा पट्टा हातात आला. बकलपाशी त्याचे धागे निम्म्याहून जास्त उसवलेले होते.