मॅश टन

मॅश टन : स्कॉटलंडच्या माल्ट व्हिस्की भट्ट्यांतले मोठे भांडे. मोड आणून वाळवलेल्या जवाची (माल्टची) भरड यात गरम पाण्यात मुरवतात आणि तिचा गोड रस, म्हणजे वॉर्ट, खालून काढून घेतात. रस गाळण्याचे काम मात्र भांडे करत नाही, ते जवाचा कोंडा करतो. बारीक फटींचा खोटा तळ त्या कोंड्याचा थर फक्त तोलून धरतो.

म्हणूनच भरड दळताना फार जपावे लागते : सुमारे २० टक्के कोंडा, ७० टक्के रवा, १० टक्के पीठ. पीठ वाढले की थर गच्च बसतो. कोंडा फार झाला तर पाणी भसाभस निघून जाते आणि साखर मागेच राहते.

पहिले पाणी १,००० किलो भरडीला सुमारे ४,००० लिटर. लगदा ६३-६४ अंश सेल्सिअसवर यावा म्हणून ते त्याहून थोडे गरम सोडतात. जास्त तापले, तर साखर बनवणारी एन्झाइम्स वेळेआधीच मरतात. दुसरे पाणी साधारण निम्मे आणि ७५ अंशांच्या आसपासचे. शेवटचे ८० अंशांच्या पुढचे. त्यात साखर इतकी पातळ असते, की ते पुढच्या घाण्याला पहिले पाणी म्हणून वापरतात. बिअरसारखा हा रस उकळत नाहीत, त्यामुळे उरलेली एन्झाइम्स आंबवणीतही काम करत राहतात.

पूर्वी लाकडी टनात माणसे वल्ह्यांनी लगदा ढवळत. पुढे ओतीव लोखंडी टन आणि त्यात गोल फिरणारे यांत्रिक दाताळे आले. दाताळे थर पार उलथतात, म्हणून रस गढूळ येतो. जर्मन बिअर उद्योगातला लाउटर टन १९७४ मध्ये टोमॅटिन भट्टीत बसला. त्याची पाती थर न उलथता हळूच चिरतात. रस लवकर आणि नितळ उतरतो. टीनिनिक भट्टीत त्याही पुढे जाऊन गाळणीचे कापड असलेला मॅश फिल्टर आहे. तिथे कोंड्याच्या थराची गरजच नाही, त्यामुळे माल्ट पिठासारखे दळले तरी चालते.

रस तुंबला की नवशिक्याचा हात आधी झडपेकडे जातो. झडप जास्त उघडली तर ओढीने थर आणखी दबतो. ती बंद करून खालून गरम पाणी सोडावे, थर उचलला जातो.

नितळ रसातून फळांच्या वासाची व्हिस्की उतरते, गढूळ रसातून धान्याची, सुक्यामेव्याची चव येते. ब्रूकलॅडी आणि एड्राडोर या भट्ट्यांत लोखंडी दाताळे अजून फिरते, ते केवळ हौसेपोटी नव्हे.