विकासात्मक विकार आणि मानसिक आजार

विकासात्मक विकारात मूल वाढत असतानाच बुद्धी, भाषा, अवधान किंवा सामाजिक देवाणघेवाण यांची घडण संथ होते किंवा वेगळ्या वाटेने जाते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) हे त्याचे मुख्य प्रकार. मानसिक आजारात विचार, भावना, आकलन किंवा स्मृती यांचे आधी नीट चाललेले काम बिघडते. नैराश्य, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) आणि द्विध्रुवी (बायपोलर) विकार ही त्याची परिचित उदाहरणे. बोलीत दोघांनाही ‘डोक्यात फरक आहे’ म्हणून एकाच पोत्यात घातले जाते. या गल्लतीचा भुर्दंड मात्र रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना सोसावा लागतो.

दोहोंत फरक करताना पहिला प्रश्न काळाचा असतो : हे कधीपासून आहे? फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी १८३८ मध्येच तो श्रीमंती-गरिबीच्या दाखल्याने मांडला होता. बुद्धिभ्रंश झालेला माणूस म्हणजे श्रीमंत असून गरीब झालेला; ज्याची बुद्धी मुळातच वाढली नाही, तो जन्मापासूनच गरीब. आज ही भाषा खटकते, पण निदानाची रीत अजून तीच आहे. म्हणूनच आई-वडिलांना विचारतात : मान कधी धरली, पहिला शब्द कधी आला, हाक मारल्यावर वळून बघायचा का? विशीत प्रथमच नसलेले आवाज ऐकू येऊ लागलेल्या तरुणाची शाळेतली प्रगती पूर्वी चांगली असेल, तर ती माहिती एखाद्या तपासणीइतकीच मोलाची ठरते.

बौद्धिक अक्षमतेसाठी तीन गोष्टी पाहतात : बुद्धिगुणांक साधारण ७० किंवा त्याखाली असणे, रोजच्या जगण्यातली कौशल्ये वयाच्या मानाने कमी असणे आणि हे सारे वाढीच्या वयातच सुरू झालेले असणे. यातली दुसरी अट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. आकडा ६८ आला तरी जो मुलगा एकटा बसने जातो, सुटे पैसे मोजून घेतो आणि धाकट्या बहिणीला सांभाळतो, त्याच्यावर केवळ आकड्यावरून शिक्का मारता येत नाही. परक्या भाषेतल्या, परक्या चित्रांच्या चाचणीने मराठी मुलाची बुद्धी मोजणेही अन्यायाचेच. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कानडी रूपांतर केले, ते बिने-कामत चाचणी म्हणून ओळखले जाते. व्यवहारकौशल्ये मोजणाऱ्या व्हाइनलँड मापनश्रेणीचे भारतीय रूपांतर मॅलिन यांनी नागपुरात केले. या दोन्ही साधनांनी इथल्या कित्येक पिढ्यांचे निदान झाले आहे.

सीमारेषा कशा सरकतात, हे स्वमग्नतेच्या इतिहासात दिसते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था वेगळी दाखवली. तरीही अमेरिकन मनोचिकित्सकांच्या १९६८ च्या वर्गीकरणात तिला बालवयातल्या स्किझोफ्रेनियातच जागा होती. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये इस्रायल कोल्विन यांनी मुलांचे दोन गट वेगळे काढले : तीन वर्षांच्या आत लक्षणे दिसलेली आणि पाच वर्षांनंतर आजारी पडलेली. दोन्ही गटांची लक्षणेही निराळी होती. १९८० च्या वर्गीकरणात स्वमग्नता अखेर स्वतंत्र झाली. स्किझोफ्रेनियाची मुळेही मेंदूच्या वाढीत असू शकतात, हे आज मान्य आहे. पण मूळ लक्षण वाढीचे नसल्यामुळे तो विकासात्मक गटात धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी रोगसूची २०२२ पासून लागू झाली. तिच्यात विकासात्मक विकार आणि मानसिक आजार एकाच प्रकरणात आहेत, त्यामुळे ‘हा मानसिक विकार नाहीच’ हे पालकांना दिले जाणारे आश्वासन त्या सूचीच्या भाषेत तितकेसे बरोबर ठरत नाही.

भारतीय कायद्याची वाट वेगळी आहे. १९१२ च्या वेडाविषयीच्या कायद्यात बुद्धीची वाढ न झालेली व्यक्ती आणि चित्त ठिकाणावर नसलेली व्यक्ती एकाच व्याख्येत बसवलेल्या होत्या. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व, म्हणजे आजच्या भाषेतली बौद्धिक अक्षमता, त्या व्याख्येतून वगळले, २०१७ च्या कायद्यानेही तेच केले. स्वमग्नतेचा मात्र त्या वगळणीत उल्लेख नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांची स्वतंत्र नोंद आहे. प्रमाणपत्रासाठीची मापनेही निरनिराळी आहेत. त्यामुळे निदानाच्या रकान्यात चुकीचा शब्द पडला, तर पुढची सगळी मोजणीच चुकीची होते.

हा केवळ शब्दांचा वाद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या निकालातून स्पष्ट झाले. सरकारी संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका निराधार तरुणीवर बलात्कार होऊन ती गरोदर राहिली. तिला मूल हवे होते, पण उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीऐवजी पालकाची संमती चालते, ती फक्त ती स्त्री मानसिक आजारी असेल तर. मतिमंदत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे, सबब तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. व्याख्येतल्या एका वगळणीने तिच्या शरीरावरचा तिचा हक्क शाबूत राहिला.

विकासात्मक विकार आणि मानसिक आजार दोन्ही एकाच माणसात असू शकतात आणि नेमके तेच सुटून जाते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीची झोप उडाली, जेवण तुटले, ती कोपऱ्यात बसून राहू लागली, तर ‘ती तशीच आहे’ म्हणून सोडून दिले जाते. नैराश्य कुणाच्या मनात येत नाही. बोलू न शकणारे मूल अचानक डोके आपटू लागले, तर दाढ किंवा कान दुखत असण्याची शक्यता आधी तपासायला हवी. डाऊन सिंड्रोम (जास्तीच्या गुणसूत्रामुळे जन्मतः असणारी अवस्था) असलेल्यांत स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर, चाळिशी-पन्नाशीतही सुरू होतो. शर्टाची बटणे लावता येणाऱ्याला ती येईनाशी होतात. अशा वेळी तुलना समवयस्कांशी नव्हे, त्याच व्यक्तीच्या गेल्या वर्षीच्या वागण्याशी करतात आणि ते वागणे सांगू शकणारी माणसे बहुधा घरातली किंवा विशेष शाळेतली असतात.