फॉर्मॅट मारण्याआधी कपॅसिटर बघा

सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप काम करता करता फट्‌कन बंद पडू लागला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "व्हायरस असेल, एकदा फॉर्मॅट मारून बघ." मग दोनशे जीबी फोटो इकडून तिकडे हलवले जातात, विंडोज नव्याने टाकले जाते आणि चौथ्या दिवशी संगणक पुन्हा बंद.

एखाद्या प्रोग्रॅमने संगणक बंद केला, तर तो रीतसर बंद होतो आणि त्याची नोंद राहते. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'सिस्टम' नोंदी पाहा. तिथे क्रमांक १०७४ दिसला, तर बंद करण्याचा हुकूम कुणी दिला हे नावासकट कळते. ४१ किंवा ६००८ दिसला, तर विंडोज फक्त एवढेच सांगतो की मागच्या वेळी मला आवरायला वेळ मिळाला नाही. का मिळाला नाही, हे त्यालाही ठाऊक नसते. याहून सोपी परीक्षा म्हणजे संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसच्या पडद्यावर जायचे आणि तासभर तसाच ठेवायचा. इथे विंडोज सुरूच झालेले नसते. तरीही संगणक बंद पडला, तर फॉर्मॅटचा विषय संपला. (मात्र टिकला, म्हणून सुटला असे नाही. बायॉसमध्ये ग्राफिक्स कार्डावर आणि डिस्कवर फारसा भार नसतो.)

बंद पडण्याची वेळ नीट पाहिली, तर निम्मे निदान होते. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांतच बंद होत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा प्रोसेसरवरचा हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) सुटला आहे. पंधरा-वीस मिनिटांनी बंद होतो, लगेच पुन्हा सुरू होतो, पण दुसऱ्या खेपेला पाचच मिनिटे टिकतो, तर ती उष्णता. मुंबईच्या दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही. हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो. ब्रशने तो काढा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध ४-५ मिलिमीटरचा एक ठिपका नवी पेस्ट लावा. जास्त लावून जास्त थंड होत नाही. दुकानातल्या मशीनला टांगलेल्या लिंबू-मिरचीचा मोजता येण्याजोगा परिणाम एकच, ती समोरच्या जाळीतून येणारी हवा थोडी अडवते.

बंद झाल्यावर बटण दाबूनही काही होत नसेल आणि मागची वायर काढून थोडा वेळ थांबल्यावरच संगणक सुरू होत असेल, तर एसएमपीएसच्या (घरातली वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याच्या) आतले संरक्षण अडकून बसले आहे. त्याला जादा प्रवाह किंवा चुकीचे व्होल्टेज जाणवले, म्हणून त्याने स्वतःच हात वर केले.

आणि चौथा प्रकार: फ्रिज किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो, दिवा क्षणभर मंदावतो आणि संगणक जातो. किंवा वीज गेल्यावर यूपीएस 'टक्' असा आवाज करून बॅटरीवर जातो, पण तेवढ्यात संगणक बंद. लोक यूपीएसची बॅटरी बदलतात, मग यूपीएसच बदलतात, तरी फरक पडत नाही. दोष बहुतेक वेळा एसएमपीएसमधल्या दोन जाड कपॅसिटरांत, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यांत, असतो.

घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते. एसएमपीएस आधी तिची दिशा एक करतो आणि शिखराच्या वेळी, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टला, कपॅसिटर भरून घेतो. गच्चीवरच्या टाकीचे जे काम, तेच यांचे: भरायची वेळ ठरलेली, नळ मात्र सतत चालू. डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्स मानकाच्या जुन्या आवृत्त्यांची अपेक्षा अशी, की बाहेरची वीज पूर्ण तुटली तरी एसएमपीएसने पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरावी. साध्या घरगुती यूपीएसला बॅटरीवर जायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे हिशेब जुळतो, पण फार सैल नाही.

आता आकडे घालून पाहू. ११५/२३० असे लाल बटण असलेल्या जुन्या एसएमपीएसमध्ये समजा ६८० मायक्रोफॅरड धारितेचे (धारिता म्हणजे साठवणक्षमता) दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले आहेत. असे जोडल्यावर धारिता निम्मी होते, म्हणजे मिळून ३४०. साठलेली ऊर्जा = ½ × धारिता × व्होल्टेजचा वर्ग. पुढचे सर्किट २२० व्होल्टपर्यंत काम करते असे धरले, तर ३२५ वरून २२० वर येईपर्यंत सुमारे ९.७ जूल मिळतात. संगणक २५० वॅट घेत असेल आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ७५ टक्के असेल, तर आत ३३३ वॅट लागतात. ९.७ भागिले ३३३, म्हणजे २९ मिलिसेकंद. छान. आता धारिता निम्म्यावर आणा: साडेचौदा. त्यात संध्याकाळी इमारतीतले सगळे एसी चालू होऊन व्होल्टेज २०० वर आले, तर शिखर २८३ व्होल्टचे होते. वर्गामुळे ऊर्जा झपाट्याने घटते आणि हाती उरतात ८ मिलिसेकंद. यूपीएसने १० घेतले, की एसएमपीएस राखाडी वायरवरचा 'पॉवर गुड' हा ५ व्होल्टचा इशारा काढून घेतो आणि मदरबोर्ड तिथेच काम थांबवतो. तोच संगणक सकाळी मात्र सगळे झटके पचवतो, म्हणून दोष 'अधूनमधून येणारा' वाटतो.

धारिता घटते का? कपॅसिटरच्या डब्यात ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. विद्युतरोधक म्हणून काम करतो तो एका पट्टीवरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. दुसऱ्या बाजूचे खरे टोक म्हणजे तो द्रव. तळाशी रबरी बूच असते आणि त्यातून द्रवाची वाफ वर्षानुवर्षे कणाकणाने निसटते. द्रव कमी झाला, की धारिता घटते आणि आतला रोध वाढतो. रोध वाढला की कपॅसिटर स्वतःच तापतो आणि आणखी लवकर वाळतो.

ढोबळ नियम असा: तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. डब्यावर '१०५ अंश' छापलेल्या साध्या कपॅसिटरची हमी २००० तासांची असेल, तर ६५ अंशांवर तो ३२,००० तास चालावा. रोज ८ तास वापरला तर ११ वर्षे. तोच संगणक कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबून आतले तापमान ७५ केले, तर साडेपाच. आणि पैसे वाचवायला कुणी ८५ अंशांचे कपॅसिटर घातले असतील, तर ६५ अंशांवरही पावणेतीन वर्षांत खेळ आटोपतो.

तपासणी मल्टिमीटरने अर्धीच होते. पिवळी आणि काळी वायर यांमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळी यांमध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवे, आणि ते संगणकावर भार असताना मोजायचे. पण मीटर सरासरी दाखवतो. १२ व्होल्टवरची लहर, म्हणजे झपाट्याने होणारा चढउतार, १२० मिलिव्होल्टच्या आत आहे का, हे ऑसिलोस्कोपच सांगतो. घरी तो नसतो, म्हणून चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस मागून आणून आठवडाभर लावून बघणे हीच खरी तपासणी. जुना उघडू मात्र नका: प्लग काढल्यावरही ते ३२५ व्होल्ट काही काळ आतच असतात.

नवा एसएमपीएस घेताना मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात '४५० वॅट' असे ठळक छापलेला स्वस्त डबा हमखास पुढे केला जातो. ठळक आकडा सोडा, बाजूचे बारीक कोष्टक वाचा. १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर लिहिले असेल, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांना मिळून १६८ वॅटच मिळणार. हातात घेऊन वजनही पाहा; हलका डबा म्हणजे आत लहान कपॅसिटर आणि लहान हीटसिंक.

एसएमपीएस बदलूनही तेच चालू राहिले, तर प्रोसेसरच्या शेजारची कपॅसिटरांची रांग पाहा. टोप्या सपाट हव्यात. फुगलेली टोपी किंवा बुडाशी तपकिरी खरपुडी दिसली, तर तो गेला. नवा घालताना धारिता तीच, व्होल्टेज तेवढेच किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचा आणि 'लो ईएसआर' (आतला रोध कमी असलेल्या) जातीचा घ्यावा. पट्टा असलेली बाजू ऋण. मदरबोर्डचे तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, त्यामुळे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने टाका सुटत नाही आणि ओढाताणीत भोकाचे अस्तर उपटते. हे काम रोज करणाऱ्याकडे द्यावे. बोर्डावरचे डबे बिनआवरणाचे, चकचकीत आणि टोपीवर खाचा नसलेले असतील, तर ते घन पॉलिमरचे आहेत. त्यांत वाळायला द्रवच नाही. तिथे संशय कपॅसिटरांवरून काढून त्यांच्या शेजारच्या मॉसफेटवर (वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) न्यावा.