प्रीमियम व्हिडिओ ऑन डिमांड

प्रीमियम व्हिडिओ ऑन डिमांड : एखादा नवा चित्रपट, मालिकेचे भाग किंवा थेट कार्यक्रम इंटरनेटवरून घरी पाहू देताना त्या एकाच शीर्षकाचे स्वतंत्र आणि नेहमीपेक्षा चढे शुल्क घेण्याची पद्धत. व्यवसायात ती ‘पीव्हीओडी’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत २०२० पासून नव्या चित्रपटाचे भाडे १९.९९ डॉलरच्या आसपास स्थिरावले. काही महिन्यांनी तोच चित्रपट पाच-सहा डॉलरांत भाड्याने मिळतो. चित्रपट तोच, पडदा तोच, चित्राचा दर्जाही तोच. वरचे पैसे लवकर पाहायला मिळण्याचे आहेत. एवढे ध्यानात ठेवले की या पद्धतीला कधी यश आले, कधी ती फसली आणि तिच्यावरून खटले का झाले, याचा बराचसा उलगडा होतो.

वर्गणीच्या पद्धतीत प्रेक्षक दरमहा ठरावीक रक्कम भरून सगळा संग्रह पाहतो. जाहिरातींच्या पद्धतीत पैसे जाहिरातदार देतो. दोन्हींत एखादा विशिष्ट चित्रपट कोणाला किती हवासा वाटतो, हे किमतीत उमटत नाही. पहिल्याच दिवशी पाहण्यासाठी वीस डॉलर मोजायला तयार असलेला चाहता आणि तो चित्रपट केवळ चाळून सोडून देणारा वर्गणीदार, दोघांकडून सारखीच रक्कम येते. चाहत्याच्या या तयारीचे पैसे करणे हे पीव्हीओडीचे काम. साध्या भाड्याशी तिचा फरक वेळेचा आहे : चित्रपट अजून चित्रपटगृहांत चालू असताना किंवा नुकताच उतरलेला असताना ती लागू होते.

पूर्वेतिहास

एका कार्यक्रमाचे वेगळे पैसे घेण्याची प्रथा केबल टीव्हीवर मुष्टियुद्धाच्या लढतींनी रुजवली. २ मे २०१५ रोजी झालेली फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅक्वियाओ यांची लढत अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी विकत घेतली. हाय डेफिनिशन प्रक्षेपणाचा दर जवळजवळ १०० डॉलर होता. थेट लढतीच्या बाबतीत असा दर टिकतो, कारण निकाल कळल्यावर तिची किंमत जवळपास संपते. उद्या स्वस्तात मिळेल म्हणून कोणी थांबत नाही.

चित्रपटांचे तसे नव्हते. हॉलिवूडमध्ये चित्रपटगृह आणि घर यांच्यात सुमारे ९० दिवसांचे अंतर पाळले जाई. या अंतराला व्यवसायात ‘विंडो’ म्हणतात. ती कमी करण्याचे प्रयत्न २०२० च्या आधीही झाले आणि बहुतेक फसले. २०११ मध्ये डायरेक्टीव्ही या उपग्रह सेवेने चार मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट प्रदर्शनानंतर ६० दिवसांनी, २९.९९ डॉलर भाड्याने, ४८ तासांसाठी देऊ केले; प्रतिसाद मिळाला नाही. त्याच वर्षी युनिव्हर्सल या स्टुडिओने ‘टॉवर हाइस्ट’ हा चित्रपट प्रदर्शनानंतर तीन आठवड्यांत ५९.९९ डॉलरला दाखवायचे ठरवले, तेही अटलांटा आणि पोर्टलंड या दोनच शहरांत. काही चित्रपटगृह साखळ्यांनी हा चित्रपट लावणारच नाही असे बजावताच बेत रद्द झाला. या दोन प्रसंगांतून एक गोष्ट दिसली : दोन महिने उलटलेल्या चित्रपटासाठी तीस डॉलर कोणी देत नाही, आणि तीन आठवड्यांच्या चित्रपटाला चित्रपटगृहे हात लावू देत नाहीत.

२०२० ची कलाटणी

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे चित्रपटगृहांना कुलपे लागली आणि हा अडसर तात्पुरता नाहीसा झाला. युनिव्हर्सलने चालू चित्रपट १९.९९ डॉलर भाड्याने घरी उपलब्ध केले आणि १० एप्रिलला ‘ट्रोल्स वर्ल्ड टूर’ हा बालचित्रपट त्याच दराने थेट ऑनलाइन आणला. तीन आठवड्यांत जवळपास ५० लाख भाडेव्यवहार झाले आणि सुमारे ९.५ कोटी डॉलर जमा झाले. त्यातले ७.७ कोटींहून अधिक स्टुडिओच्या हाती आले. २०१६ मधल्या पहिल्या ‘ट्रोल्स’ने अमेरिकेतील चित्रपटगृहांत १५ कोटींहून जास्त गल्ला केला होता, तरी त्यातला स्टुडिओचा वाटा साधारण एवढाच होता.

हे कसे घडले, ते वाटणीच्या गणितात दिसते. तिकीटबारीवरच्या रकमेतले सरासरी निम्मे स्टुडिओकडे जातात; पीव्हीओडीच्या भाड्यातले सुमारे ८० टक्के. म्हणजे १९.९९ डॉलरच्या एका भाड्यातून स्टुडिओला जवळपास १६ डॉलर मिळतात. २०१९ मध्ये अमेरिकेत तिकिटाची सरासरी किंमत ९.१६ डॉलर होती, म्हणजे एका तिकिटामागे स्टुडिओचे साडेचार डॉलर. यावरून एक भाडे साडेतीन तिकिटांच्या बरोबरीचे ठरते. एकटा किंवा जोडीने जाणारा प्रेक्षक घरी वळला तर स्टुडिओचा फायदा. पाच जणांचे कुटुंब वळले तर तोटा. घरात त्या पडद्यासमोर किती जण बसले हे मात्र मोजता येत नाही, आणि पद्धतीचा हा मोठा आंधळा कोपरा आहे. चित्रपटगृहांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता : घरच्या भाड्यातून त्यांना छदामही मिळत नव्हता, शिवाय खाद्यपदार्थांच्या विक्रीवर पाणी सोडावे लागत होते.

म्हणूनच एएमसी या साखळीने आधी युनिव्हर्सलचे चित्रपट यापुढे लावणार नाही असे जाहीर केले, आणि जुलै २०२० मध्ये त्याच दोघांनी करार केला. चित्रपट किमान १७ दिवस, म्हणजे तीन शनिवार-रविवार, फक्त चित्रपटगृहांत चालेल. त्यानंतर स्टुडिओ त्याला प्रीमियम भाड्यावर आणू शकेल आणि त्या भाड्यात एएमसीला हिस्सा मिळेल. पुढे सिनेमार्क या दुसऱ्या साखळीबरोबरच्या करारात पहिल्या शनिवार-रविवारी ५ कोटी डॉलर किंवा अधिक कमावणाऱ्या चित्रपटांसाठी ही मुदत ३१ दिवस ठरली. नऊ वर्षांपूर्वी जे धमकीने थांबले, ते हिस्सा मिळताच मार्गी लागले. युनिव्हर्सलने या मार्गाने तीन वर्षांच्या आत १०० कोटी डॉलरांहून अधिक कमावले. २२ नोव्हेंबर २०२४ ला प्रदर्शित झालेला ‘विकेड’ ३१ डिसेंबरला घरी आला, आणि पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे ७ कोटी डॉलर घेऊन गेला.

विंडो सगळीकडे अशी वाटाघाटीने ठरत नाही. फ्रान्समध्ये ती चित्रपट उद्योगाच्या सामूहिक कराराने बांधलेली आहे : २०२२ च्या करारानुसार भाड्याने किंवा विकत देण्यासाठी प्रदर्शनानंतर साधारणतः चार महिने थांबावे लागते. सतरा दिवसांचा पीव्हीओडी तिथे संभवतच नाही.

किंमत आणि वाट पाहणे

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदाराविषयी एक पेच मांडला. वस्तू पुढे स्वस्त होणार हे गिऱ्हाइकांना ठाऊक असेल तर ती थांबतात, आणि मक्तेदार असूनही विक्रेत्याला चढा दर टिकवता येत नाही. पीव्हीओडी याच पेचावर उभी आहे. डिस्नेने सप्टेंबर २०२० मध्ये ‘मुलान’ हा चित्रपट आपल्या डिस्ने प्लस या वर्गणी सेवेवर २९.९९ डॉलरला आणला, आणि ४ डिसेंबरपासून तो सर्व वर्गणीदारांना विनामूल्य मिळेल हेही लगेच सांगून टाकले. तीन महिने कळ काढणाऱ्याचे तीस डॉलर वाचत होते. ग्राहकाशी हा व्यवहार स्वच्छ होता, पण दराची धार त्यानेच बोथट केली. यावर उपाय दोनच : थांबण्याचा काळ लांबवणे, किंवा थांबणे अवघड वाटावे असा चित्रपट निवडणे. मुलांचे चित्रपट, मोठा चाहतावर्ग असलेल्या चित्रपटमाला आणि मैफलींचे चित्रपट इथे चालतात ते याच कारणाने. घरातले मूल तीन महिने थांबत नाही. गायिका टेलर स्विफ्ट यांच्या ‘इराज टूर’ या मैफल-दौऱ्याचा चित्रपट १३ डिसेंबर २०२३ रोजी, त्यांच्या वाढदिवशी, १९.८९ डॉलर भाड्याने आला. त्यांच्या जन्मवर्षाचे (१९८९) आणि त्याच नावाच्या अल्बमचे आकडे दरातच गुंफले होते.

दुहेरी शुल्काचा वाद

आधीच वर्गणी भरणाऱ्याकडून पुन्हा प्रत्येक शीर्षकाचे पैसे मागणे हा या पद्धतीचा सर्वांत नाजूक भाग, आणि माझ्या मते सर्वांत कमी समर्थनीय. ‘मुलान’ ज्या योजनेत आला त्या डिस्नेच्या ‘प्रीमियर ॲक्सेस’मध्ये वर्गणीवर २९.९९ डॉलर भरावे लागत आणि वर्गणी थांबली की तो चित्रपटही हातचा जाई. तरी तिथे अट पहिल्या दिवसापासून उघड होती.

चीनमध्ये प्रकरण बरेच पुढे गेले. २०१९ मध्ये तिथल्या व्हिडिओ मंचांनी मालिकांचे शेवटचे भाग वेगळे पैसे घेऊन आगाऊ दाखवायला सुरुवात केली. वर्षअखेरीस ‘जॉय ऑफ लाइफ’ या मालिकेसाठी आयचीयी आणि टेन्सेंट या मंचांनी सदस्यांकडून आणखी ५० युआन मागितले. त्या बदल्यात इतर सदस्यांपेक्षा सहा भाग पुढे राहता येई. सदस्यत्व घेताना ‘सर्वांआधी पाहा’ असे आश्वासन मिळालेले, आणि नवा नियम मागाहून करारात घातलेला. एका सदस्याने आयचीयीवर दावा लावला. बीजिंग इंटरनेट न्यायालयाने २ जून २०२० रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला : आगाऊ दाखवण्याची कल्पना बेकायदा नाही, पण आधीच्या सदस्याचा हक्क एकतर्फी कमी करणारे कलम त्याला लागू होत नाही. अपिलातही निकाल कायम राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयचीयी, टेन्सेंट आणि युकू या तिन्ही मंचांनी एकाच दिवशी ही पद्धत मागे घेतली. न्यायालयाने ओढलेली रेघ अचूक होती. लवकर पाहण्याचे पैसे घ्यायला हरकत नाही. आधीच विकलेली तीच गोष्ट त्याच माणसाला पुन्हा विकता येत नाही.

कलावंतांचे मानधन हा आणखी एक प्रश्न. तिकीटबारीच्या आकड्यांवर बोनस ठरलेला असेल आणि चित्रपट त्याच दिवशी घरीही मिळू लागला, तर बोनस आपोआप आटतो. जुलै २०२१ मध्ये असाच एकाच वेळी दोन्हीकडे आलेल्या डिस्नेच्या ‘ब्लॅक विडो’ने पहिल्या तीन दिवसांत अमेरिका व कॅनडातील चित्रपटगृहांत सुमारे ८ कोटी आणि जगभरच्या घरगुती पडद्यांवर ६ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्या आठवड्यात चित्रपटगृहांतली कमाई दोन-तृतीयांशांनी घसरली. त्यातल्या नायिका स्कार्लेट जोहान्सन यांनी करारभंगाचा आरोप करून डिस्नेविरुद्ध दावा दाखल केला आणि सप्टेंबरअखेर तडजोड झाली.

तांत्रिक बाजू

भाड्याने घेतलेली फाइल कुलूपबंद असते आणि तिची किल्ली परवान्यासोबत येते. परवान्यात सहसा दोन मुदती असतात : पाहायला सुरुवात करण्यासाठी ३० दिवस आणि सुरू केल्यावर संपवण्यासाठी ४८ तास. वाइडव्हाइन, फेअरप्ले आणि प्लेरेडी या हक्करक्षण प्रणाली या मुदती पाळतात. महागड्या शीर्षकांत डोळ्यांना न दिसणारी खूणही मिसळता येते. चोरटी प्रत कोणत्या खात्यातून फुटली ते तिच्यावरून शोधता येते. पण प्रत फुटणे याने थांबत नाही. चित्रपटगृहात कॅमेऱ्याने टिपलेल्या अंधूक चित्रणाऐवजी चोरांना पहिल्याच दिवशी निर्दोष डिजिटल प्रत मिळते, आणि विंडो आखूड करण्याची ही किंमत स्टुडिओ जाणूनबुजून मोजतात.

‘विकत घ्या’ या बटणाखाली मिळणारी गोष्टही परवानाच असते. मंचाचे हक्क संपले तर ती खात्यातून जाऊ शकते. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हे ग्राहकाला खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले आहे.

चित्रपटांत ही पद्धत स्थिरावत असताना तिच्या जुन्या घरात, खेळांत, तिचे एक मोठे ठाणे सुटले. अमेरिकेत यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स संघटनेच्या प्रमुख लढतींसाठी ईएसपीएन प्लस या क्रीडा सेवेच्या वर्गणीवर प्रत्येक वेळी सुमारे ८० डॉलर द्यावे लागत. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएफसीने पॅरामाउंट या माध्यम कंपनीशी सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार केला. त्यानुसार २०२६ पासून या लढती स्वतंत्र शुल्काविना, वर्गणीतच दाखवायच्या आहेत.