काटकसरीचा पोषक आहार (ठाणे–नवी मुंबई)

मोजक्या पैशांत घरातल्या सर्वांचे पोट भरावे आणि खाल्लेले अंगीही लागावे, अशा बेताने केलेली वाणसामानाची खरेदी व स्वयंपाक. ठाणे आणि नवी मुंबईत पगारातून घरभाडे किंवा हप्ता, लोकलचा पास आणि मुलांची फी आधी वजा होते. किराण्याच्या वाट्याला उरेल ते येते. ओढाताण वाढली की वरण पातळ होते आणि भाजीत बटाट्याच्या फोडी वाढतात. भातपोळी सहसा कमी होत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २,००० कॅलरींच्या आहारात रोज सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. चौघांच्या घराला हा हिशेब लावला तर महिन्याला ३० किलो धान्य आणि १० किलोंहून थोडी जास्त डाळ-कडधान्ये लागतात. अन्नसुरक्षा कायद्यातील प्राधान्य (कमी उत्पन्नाच्या) कुटुंबाला रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे धान्याची दोन-तृतीयांश गरज भागली. डाळीचे १० किलो आणि भाजी मात्र जवळजवळ पूर्ण खिशातून. पांढरे कार्ड असलेल्यांना तोही आधार नाही.

इथे तूरडाळीचा हट्ट सोडणे सर्वांत फायद्याचे. मसूर, मटकी, चवळी, वाटाणा, हरभरा यांत १०० ग्रॅमला साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, तुरीइतकीच. मटकीला मोड आणले की ती भांड्यात फुगून दुप्पट दिसते, पण प्रथिने तेवढीच राहतात, हे लक्षात ठेवावे. फायदा वेगळा आहे: मोडांमुळे लोहाला अडवणारे फायटेट हे द्रव्य घटते, क जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे लोह अधिक शोषले जाते. उसळीवर लिंबू पिळण्याची सवय म्हणूनच शहाणपणाची. जेवणावर लगेच चहा घेण्याची नाही, कारण चहातील टॅनिन लोहाला अडवते. झुणका-भाकरी हाही पुरा जोड आहे: प्रथिनांचा लायसिन हा आवश्यक घटक धान्यात कमी, बेसनात भरपूर. नाचणीची भाकरी किंवा आंबील केली तर कॅल्शियमही मिळते.

आगरी-कोळी घरांत कडधान्यांची जागा सुका जवळा (बारीक कोळंबी) आणि बोंबील घेतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजी मासळी महागते, तेव्हा मूठभर जवळा कांद्यावर परतला की भाकरीला कालवण लागत नाही. जवळा सालासकट खाल्ला जात असल्याने तो कॅल्शियमचा स्वस्त साठा ठरतो. खारवलेल्या मासळीत मात्र मीठ फार असते.

भाजीत वेळेला किंमत आहे. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा स्टेशनबाहेर संध्याकाळी उशिरा पालेभाजीच्या जुड्यांचे भाव उतरतात आणि उरलेल्या मालाचे वाटे लागतात. पावसाळ्यात आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, शेवळं या रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा कोवळाच घ्यावा. शेवळं काकड या आंबट रानफळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो. मुळ्याचा आणि शेवग्याचा पाला तर अनेकदा फुकट सुटतो.

घाऊक भावासाठी वाशीच्या बाजार समितीचे नाव निघते. मुंबईतले घाऊक बाजार १९८० व १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने इथे हलले, आणि कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला, धान्य असे त्यांचे स्वतंत्र भाग आहेत. माल गोणीने घ्यावा लागत असल्याने एकट्या घराला तो परवडत नाही. इमारतीतल्या चार घरांनी मिळून कांदे-बटाटे वाटून घेतले तर टेम्पोचे भाडे वसूल होते. डाळींचे तसे नाही. वन रूम किचनमध्ये सहा महिन्यांचा साठा ठेवायला जागा नसते, आणि जुलैच्या दमट हवेत त्याला सोंडे लागले की वाचवलेले पैसे डब्यातच जातात.